पॅरिसची तयारी

धुरपता उसेंडीला पॅरिसचं बोलावणं आलं त्या सकाळी ती आपल्याच गावच्या, इरुपटोल्याच्या अंगणवाडीत बसून एका सहा महिन्यांच्या पोरीच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढत होती. पोरगी किंचाळत होती आणि तिची आई दुसरीकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर माधवीताई म्हणाल्या, "हातातलं काम उरक आणि दवाखान्यात ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

असा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच धुरपताला ठाऊक होतं. तिनं थेंब कागदावर टिपला, टाचेला कापूस दाबला, पोर आईच्या मांडीवर ठेवलं आणि स्कूटी काढली. सूरजागडच्या पहाडातून लोहखनिजाचे ट्रक उतरत होते. त्यांची लाल धूळ खात, रस्त्याच्या कडेकडेनं ती बारा किलोमीटर आली आणि दवाखान्याच्या दारातच विचारलं, "कोण गेलं, ताई?"

"कोणी गेलं नाही गं," माधवीताई हसल्या. "तुलाच जायचंय. पॅरिसला."

नोव्हेंबरात तिथे तीन दिवसांची सभा होती. सिकलसेलवर काम करणारे देशोदेशींचे डॉक्टर जमणार होते, आणि या खेपेला डॉक्टरांआधी रोग्यांनी बोलायचं असं आयोजकांनी ठरवलं होतं. माधवीताईंनी कधीतरी धुरपताच्या कामाचं एक टिपण पाठवलं होतं, ते कुणीतरी वाचलं. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं तेच पाहणार होते. धुरपतानं फक्त दहा मिनिटं बोलायचं, तेही मराठीत. दुभाषी तिथे मिळणार होता.

"मीच काऊन?" तिनं विचारलं.

"लाल कार्ड असून तेवीस गावं फिरणारी दुसरी मला तरी माहीत नाही."

लाल कार्ड म्हणजे पुरा रोगी. सिकलसेलमध्ये रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर पिवळं कार्ड मिळतं. असा माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो. दोघांकडून आला तर लाल. धुरपताचा मोठा भाऊ कोलू एकोणिसाव्या वर्षी असाच लोळत लोळत गेला तेव्हा घरात या आजाराचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. पुढे शिबिरात तपासणी झाली. बाप जंगू पिवळा, आई पिवळी, धुरपता लाल. आई दोन वर्षांत गेली. धुरपता बारावी झाली आणि माधवीताईंच्या दवाखान्यात कामाला लागली. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

तिचं काम म्हणजे गावोगाव फिरून रक्त तपासायचं, कार्डं वाटायची, ज्यांचं लाल निघेल त्यांच्या घरी दर महिन्याला दुखणं आटोक्यात ठेवणाऱ्या कॅप्सूल पोचवायच्या. प्रत्येक लाल कार्डाच्या मागे तिनं स्वतःचा नंबर जाड पेनानं लिहिलेला असायचा. घरच्यांना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "छातीत दुखलं, दम लागला, तं झाडफुकीले पुजाऱ्याकडे जाऊ नका, सकाळची वाट पाहू नका. पहिले मले फोन करा." फोन आला की ती गाडी शोधायची, दवाखान्याला कळवायची, रस्त्यात काय करायचं ते सांगत राहायची. या एका नंबराच्या जोरावर मागची तीन वर्षं निभावली होती. तीन वर्षांत तिच्या गावांतलं एकही लेकरू सिकलसेलनं गेलं नव्हतं.

घरी जंगू सुतळी वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नागपूरच्या पुढं हाये का?"

"मुंबईच्याबी पुढं. समुद्राच्या पलीकडं. विमानानं नऊ-दहा तास लागते."

जंगूनं मनातल्या मनात हिशेब केला. "नऊ-दहा तासांत आपण इथून नागपूर गाठतो. मंग लई दूर नाई."

पण दुसऱ्या दिवशी तो गुरुजींना विचारून आला आणि त्याचा चेहरा बदललेला होता. "विमान वर जाते तं हवा पातळ होते म्हनते. तुले टेकडी चढली का दम लागते. काऊन जातेस? माह्यापाशी आता तूच राह्यली."

"डॉक्टर सांगतीन तसं करीन, बा. विमानात ऑक्सिजन देते."

जंगूला ते पटलं नाही. पण पासपोर्टसाठी चंद्रपूरला जायचं ठरलं तेव्हा तो आधीच बसथांब्यावर जाऊन उभा होता. लेकीला एकटी पाठवायची नाही, एवढं त्यानं ठरवून टाकलं होतं.

पासपोर्टला दोन खेपा झाल्या. शाळेच्या दाखल्यावर तिचा जन्म एक जूनचा होता, आधार कार्डावर नुसतं साल होतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म गुरुजींनी एक जूनलाच लावून दिला होता. मग चौकशीला पोलीस मदत केंद्रातून दोघे जण आले. पोलीस गावात शिरताना दिसले तशी माणसं एकेक करून शेताकडे सरकली. जंगू ओट्यावर हात जोडून बसून राहिला. धुरपतानं काळा चहा केला. मोठ्या शिपायानं कागद पाहिले आणि विचारलं, "पॅरिसला काय काम?"

"आजाराबद्दल सांगाचं हाये. सिकलसेल."

धाकटा शिपाई निघताना घुटमळला. "माझ्या बहिणीचं पिवळं कार्ड आहे," तो हळूच म्हणाला. "नवऱ्याचं तपासलं नाही अजून."

"तपासून घ्या," धुरपता म्हणाली आणि त्याच्या वहीत नंबर लिहून दिला.

या सगळ्या तयारीत सगळ्यात जास्त जीव गुंतला होता तो चंचलचा. चंचल सोळा वर्षांची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकणारी. तिचंही कार्ड लाल. पूर्वी वर्षातले तीन-चार महिने ती अंथरुणात काढायची. कॅप्सूल सुरू झाल्यापासून दीड वर्षात तिनं एकही दिवस शाळा बुडवली नव्हती. तिची आई रुखमा धुरपताला सांगायची, "माही पोट्टी तूच वाचवली." धुरपता म्हणायची, "मी नाई, कॅप्सूलनं."

रविवारी धुरपता वसतिगृहावर गेली की चंचल तिचा फोन काढून घ्यायची आणि आवारातल्या चिंचेखाली बसून पॅरिस धुंडाळायची.

"ताई, नोव्हेंबरात तिथी सकाळी आठ वाजतवरी उजाडत नाई."

"मंग लोक कामाले कसे जाते?"

"दिवे लावून. अन् हे पाह्य, तुह्या हॉटेलपासून सभेची जागा सातशे मीटर. मधात नदी हाये. पूल ओलांडाचा. त्या एका नदीवर सदतीस पूल हाये म्हनते."

"आपल्या नाल्यावर एक बी नाई."

"पुलावर वारा राह्यते. कान बांधून जाजो. थंडी लागली का तुले दुखंन." मग तिनं तो उंच मनोरा दाखवला. "सारा लोखंडाचा. आपल्या पहाडातलं लोखंड असंन का, ताई?"

"तो लई जुना हाये. तेव्हा आपला पहाड जागच्या जागी होता."

भाषणाची तालीमही तिथेच चालायची. पहिल्यांदा चौदा मिनिटं झाली. चंचलनं वहीतल्या ओळी खोडायला सुरुवात केली. पेशी कशा वाकतात ते सगळं काढलं. "हे डॉक्टरलोकायले माहीत राह्यते. तू कोलूदादाचं सांग. कार्डाच्या मागं नंबर लिहितेस ते सांग." शेवटची ओळ मात्र तिनं अधोरेखित केली. 'तीन वर्षांत माझ्या तेवीस गावांतलं एकही लेकरू गेलं नाही.' "हे हळू म्हनजो," ती म्हणाली. "इथी ते टाळ्या वाजवतीन."

माधवीताईंनी धुरपतासाठी वेगळी यादी केली होती. लोकरीचे दोन थर, विमानात दर तासाला पाणी, मधल्या वाटेकडची जागा, उठून चालायचं, ऑक्सिजनची आधी नोंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त. "तुझं हिमोग्लोबिन आत्ता साडेआठ आहे. निघेपर्यंत ते असंच राहिलं पाहिजे. साडेसातच्या खाली गेलं तर मी तुला विमानात बसू देणार नाही. कॅप्सूल चुकवायची नाही."

ऑगस्टात कॅप्सूल यायच्या थांबल्या. वरूनच माल आला नाही, पुढच्या महिन्यात येईल, एवढंच उत्तर मिळायचं. पुढचा महिना आला तरी आल्या नाहीत. माधवीताई स्वतः चंद्रपूरला जाऊन दुकानांतून मिळतील तेवढ्या घेऊन आल्या. त्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. पाच वर्षांखालच्या पोरांना आधी द्यायच्या असं ठरलं. आणि नव्वद कॅप्सूल एका डब्यात भरून त्यांनी धुरपताच्या हातात दिल्या.

"या तुझ्या. यातली एकही कुणाला द्यायची नाही. तू तिथं उभी राहिलीस तर या औषधासाठी ओरडता तरी येईल."

धुरपतानं मान डोलावली. तिला ते पटलंही होतं.

पुढच्या रविवारी तिनं पाहिलं, चंचल डाव्या हातानं लिहीत होती. उजवं कोपर तिनं पोटाशी धरलं होतं.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. जास्त नाई दुखत."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू पॅरिसच्या गडबडीत हाये ना."

धुरपतानं पिशवीतून डबा काढला. त्या क्षणी तिनं फार विचार केला नाही, असं तिनं नंतर सांगितलं. पण ते खरं नव्हतं. विचार तिनं केला होता. सगळा डबा द्यावा, असंही मनात आलं होतं. मग सभा आठवली, माधवीताईंचा शब्द आठवला, साडेआठ हा आकडा आठवला. आणि तिनं मधला रस्ता काढला. "एक दिवस तू घेजो, एक दिवस मी. कोनाले सांगू नको."

सहा वर्षं ती बायांना बजावत आली होती की रोज म्हणजे रोज. एका दिवसाआड घेतलेली कॅप्सूल म्हणजे अर्धं छप्पर. पाऊस आत यायचा तो येतोच. हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी तिनं पंचेचाळीस कॅप्सूल मोजून चंचलच्या ओढणीत बांधून दिल्या आणि घरी आली. चंचलचं कोपर दोन आठवड्यांत बरं झालं. तेव्हा दोघींनाही वाटलं, जमलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. बोटांचे ठसे तिथेच देतात. बल्लारशाहून गाडीत बसली तेव्हा जंगू सोबत होताच. मुंबईत स्टेशनाजवळ माधवीताईंच्या ओळखीच्या घरी उतरून, आंघोळ करून, सकाळी साडेनऊला बापलेक व्हिसाच्या कार्यालयापाशी पोचले. दारावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, ज्याची वेळ ठरली आहे त्यानंच आत जायचं, पिशवी न्यायची नाही, फोन बंद ठेवायचा.

धुरपतानं कधी फोन बंद केला नव्हता. गेली सहा वर्षं तो झोपतानाही उशाशी सुरू असायचा. तिनं तो जंगूच्या हातात दिला. "बा, कोनाचा आला तं उचल. हे हिरवं हाये ना, ते बोटानं वर सरकवाचं. सांगाचं, धुरपता आत हाये, तुमी डॉक्टरीनबाईले फोन करा. जमंन ना?"

"जमते," जंगू म्हणाला.

आत तीन तास लागले. आधी रांग, मग कागद, मग पुन्हा एक कागद कमी म्हणून दुसरी रांग. शेवटी काचेमागच्या बाईनं तिची बोटं एकेक करून यंत्रावर ठेवून घेतली आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. धुरपताला 'पेशंट' एवढाच शब्द कळला. ती म्हणाली, "हो. मीच पेशंट." बाई हसली. धुरपताही हसली. बाहेर पडताना तिला वाटलं, आता हे होणार. चंचलला काय काय सांगायचं ते ती जिन्यावरच जुळवत होती.

जंगू समोरच्या फुटपाथवर उकिडवा बसला होता. त्याच्या मांडीवर दुपट्ट्याची गुंडाळी होती. तिला पाहताच तो उठला. "बेटा, हा लई वाजत होता. मी हिरवं दाबलं. दाबलं का थांबे, अन् मंग परत वाजे. लोक पाहून राह्यले होते म्हून मंग गुंडाळून ठेवला."

फोनवर अकरा वेळा एकच नंबर होता. वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा.

धुरपतानं लावला. अधीक्षिका घाबरलेल्या आवाजात बोलत होत्या. चंचलच्या सकाळपासून छातीत दुखत होतं. दहाच्या सुमारास दम लागायला लागला. "मी म्हटलं, गाडी बोलावते, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाली, आधी ताईले विचारा, ताईनं सांगितलं हाये पहिले तिलेच फोन कराचा, ती गाडी पाठवते. मी लावत राहिले. ती म्हणे, उचलंन, कामात असंन, थांबा थोडं. आत्ता ओठ निळे दिसायला लागले तेव्हा काढली जीपमध्ये. अहेरीकडे निघालेत."

धुरपतानं माधवीताईंना फोन केला. अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात निरोप दिला. जीपच्या चालकाचा नंबर मिळवला. हे सगळं तिनं भर रस्त्यात, एका कानात बोट घालून, चार मिनिटांत केलं. हे तिचं रोजचं काम होतं. चालकानं फोन मागे दिला. आधी नुसता श्वास ऐकू आला, ओल्या लाकडाच्या धुरात घेतल्यासारखा.

"चंचल, बसून राह्य. झोपू नको. पाठ टेकवून बस."

"ताई," चंचल म्हणाली. मग पुन्हा नुसता श्वास. "झालं काम?"

"झालं. तू बोलू नको."

"बरं."

अहेरी यायला दोन कोस उरले असताना ती गेली. माधवीताईंचा फोन आला तेव्हा धुरपता आणि जंगू स्टेशनच्या बाकावर बसले होते. गाडीला अजून चार तास होते.

त्या चार तासांत आणि पुढच्या दिवसभराच्या प्रवासात जंगू एकदाच बोलला. वर्धा मागे पडल्यावर तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "मी हिरवंच दाबलं होतं, बेटा. सरकवाचं होतं, ते ध्यानात नाई आलं." धुरपतानं ऐकलं. बापाला म्हणता आलं असतं की तुझी चूक नाही. तोंडाशी आलंही होतं. पण तिच्याकडून ते बोललं गेलं नाही.

ती पोचली तेव्हा चंचलची माती होऊन एक दिवस लोटला होता. रुखमा अंगणात बसली होती, हातात काही काम नव्हतं. धुरपता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"कुठी होतीस?" रुखमानं विचारलं.

"मुंबईले."

"हो. पॅरिसच्या कामाले." रुखमाचा आवाज चढलेला नव्हता. "शाळेपासून आमचं गाव तीन कोस. मले कोनी सांगितलं असतं तं मी दिराच्या गाडीवर टाकून नेली असती. नऊ वाजताच नेली असती. पन मले सांगितलंच नाई. तुले सांगत राह्यले."

धुरपताला वाटलं, आता काही लपवायचं नाही. तिनं कॅप्सूलचं सांगितलं. डबा, नव्वद, एक दिवस तू, एक दिवस मी. रुखमा ऐकत राहिली. तिला ते समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिनं पहिल्यांदा धुरपताकडे नीट पाहिलं.

"देलीच तं पुरी काऊन नाई देली? अन् पुरी देवाची नव्हती तं अर्धी काऊन देली? अर्धी देली म्हून तिचं दुखनं दबलं, अन् मी म्हनो, पोट्टी औषध खाऊन राह्यली, बरी हाये."

मग रुखमाच म्हणाली, "जा आता. माह्या लहान्याचं रक्त नाई काढाचं. त्याचं कार्ड मले नाई पाह्यजे."

गोष्ट गावागावांत आधीच पोचली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण धुरपता एका घरी गेली तर तिथल्या म्हातारीनं लाल कार्ड पुढे केलं आणि म्हणाली, "बाई, इथी दुसऱ्या कोनाचा नंबर लिहून दे. तू बाहेरगावी राह्यतेस." दुसऱ्या गावात एका बापानं सांगितलं, "आमी पुजाऱ्याले दाखवून राह्यलो सध्या." ती समजावायला गेली, पण वाक्य अर्ध्यातच थांबलं. पुढचं कोणत्या तोंडानं बोलायचं?

तिनं माधवीताईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी तिच्या बोटातून रक्त घेतलं. सहा पूर्णांक एक.

"मी तुला सांगितलं होतं," माधवीताई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज डॉक्टरचा होता. "रक्त चढवू. दोन बाटल्या. अजून पाच आठवडे आहेत. हिमोग्लोबिन वर आलं तर तू जाऊ शकतेस."

त्याच आठवड्यात पासपोर्ट परत आला. आत व्हिसा चिकटवलेला होता, त्यावर धुरपताचा फोटो. मुंबईच्या त्या सकाळच्या आधी काढलेला. डोळे चमकत होते. माधवीताईंनी तो टेबलावर तिच्यापुढे ठेवला आणि भाषणाची वहीही काढली. वहीत चंचलच्या अक्षरातल्या खुणा होत्या.

"शेवटची ओळ काढावी लागेल," माधवीताई म्हणाल्या.

"ते काढलं तं मंग राह्यते काय?"

"तेवीस गावांतलं काम राहतं. सहा वर्षं राहतात."

"माहं काम तेच होतं, ताई. तेवढंच होतं."

माधवीताईंनी वही तिच्याकडे सरकवली. "मग चंचलचंच सांग. औषध आलं नाही, ते वाटून खाल्लं, पोरगी गेली. त्यांनी हेच ऐकायला पाहिजे, धुरपता. हे ऐकल्यावर कुणीतरी हलेल."

"तिचं मरन मी दहा मिनिटांत बसवू?" धुरपता म्हणाली. "घड्याळ लावून? ते टाळ्या वाजवतीन, ताई. अन् मी तिथी उभी राहून ऐकून घेऊ?"

तिनं वही घेतली. पासपोर्ट टेबलावरच राहू दिला. रक्त चढवायला तिनं नाही म्हटलं नाही, नर्सनं हात धरला तेव्हा दिला. पण त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. गावांनाही गेली नाही. तिनं फोन बंद करून कपड्यांच्या पेटीत टाकला. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दुखत असेल तर दातांत पदर धरायची. नसेल दुखत तरी तशीच पडायची. कॅप्सूलचा डबा फळीवर होता. जंगू रोज सकाळी एक कॅप्सूल आणि पाणी तिच्याजवळ नेऊन ठेवायचा आणि दुपारी ते तसंच उचलायचा.

असे वीस-बावीस दिवस गेले. धान कापायला आलं. जंगूनं ते कापायला सुरुवात केली आणि एका सकाळी बांधावर विळा ठेवून तो तसाच निघाला. बस मिळाली नाही. बारा किलोमीटर तो चालत गेला. ट्रकवाल्यानं थांबून विचारलं तरी चढला नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा माधवीताई रोगी पाहत होत्या. तो ओळीत बसला. त्याची पाळी आली तेव्हा तो आत गेला आणि उभाच राहिला.

"जोहार, डॉक्टरीनबाई."

"बसा ना, जंगूभाऊ. कशी आहे ती?"

"तिले पाठवा," जंगू म्हणाला. "मीच नाई म्हनत होतो आधी. आता पाठवा. इथी राह्यली तं मरंन ते. तिथी गेली तं चार लोक दिसतीन, बोलंन. नाई बोलली तरी चालंन. पूल पाह्यंन."

माधवीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जंगूभाऊ, सोमवारी त्यांचं पत्र आलं. आपण कळवलं नाही म्हणून त्यांनी ती जागा ओडिशातल्या एका बाईंना दिली. तिकीटही त्यांच्या नावावर झालं. आता काही करता येत नाही."

जंगूनं ते ऐकून घेतलं. बाहेर कंपाउंडर पुढच्या रोग्याचं नाव पुकारत होता. जंगू जागचा हलला नाही.

"तं मले पाठवा," तो म्हणाला.

"तुम्हाला?"

"मी सांगतो तिथी. माही पोट्टी फोन उचलत होती. सहा वर्षं उचलला. त्या दिवशी तिचा फोन माह्यापाशी होता, मले उचलता नाई आला. हे मी सांगतो. त्यायच्या कागदावर तसं लिहून द्या. इथल्या गावायलेबी सांगा, जंगूनं नाई उचलला म्हून." त्याचे हात जोडलेले होते. "पन तिचं नाव तिले परत द्या."

माधवीताई उठून टेबलाच्या या बाजूला आल्या. त्यांनी त्याचे हात धरले. त्यांच्याकडे त्याला देण्यासारखं काहीच नव्हतं; ना तिकीट, ना औषध, ना तेवीस गावांच्या मनातली जागा. "मी येते उद्या तिला पाहायला," एवढंच त्या म्हणाल्या.

"या," जंगू म्हणाला. "ते बोलनार नाई."

तो घरी आला तेव्हा ऊन कललं होतं. धुरपता तशीच पडली होती, पण जागी होती. त्याच्या पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ होती. ती तिला दिसली असावी, कारण किती दिवसांनी तिनं स्वतःहून विचारलं,

"कुठी गेला होता, बा?"

"बांबू पाहाले. टोपल्यासाठी."

"भेटला?"

"नाई. तिकडं सारा कापून नेला."

जंगूनं हातपाय धुतले, चुलीत काटक्या घातल्या आणि दोघांपुरते तांदूळ निवडायला घेतले. निवडून झाले तरी तो बराच वेळ सूप हातात धरून बसून राहिला. आत ती पुन्हा भिंतीकडे वळली होती.